मागून मोजलेली माणसं

१

घोरपडीचं रेल्वे फाटक रविवारी सकाळी बंदच असतं, म्हणून हेमाताई चक्रनारायण साडेआठच्या उपासनेला पावणेआठलाच घरून निघत. फाटक उघडं मिळालं तर त्यांना उगाच फसवल्यासारखं वाटे. छत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेली बाई. कुठलीही गोष्ट सहज जमून आली की उत्तर ढापलं कुठून, ही त्यांची पहिली शंका.

फाटकापलीकडे सेंट ऑस्वल्ड चर्च. काळा दगड, बुटका मनोरा, वर पत्रा. छपराच्या तुळया वाळवीनं पोखरलेल्या, त्यामुळे खाली उपासनेला जमणाऱ्या मंडळीच्या डोक्यावर निळी जाळी बांधली होती. उपासना चालू असताना त्या जाळीवर लाकडाचा भुसा पडल्याचा बारीक आवाज येई आणि पाळकसाहेब प्रवचन तसंच पुढे रेटत.

या छपरावरूनच सगळं सुरू झालं. वरच्या कचेरीचं पत्र आलं होतं, आणि पत्रात आडपडदा नव्हता. सलग तीन रविवारी तीस सभासद हजर असले, तर छपराचं काम मंजूर. एक जरी कमी पडला तरी मंडळी कॅम्पातल्या चर्चला जोडायची आणि इथे कुलूप. तिसऱ्या रविवारी कचेरीचं माणूस येऊन स्वतः मोजणार, आणि तिन्ही आकड्यांखाली सही सेक्रेटरीची. सेक्रेटरी हेमाताई.

कुलूप लागलं असतं तर बाकीच्यांनी चार दिवस हळहळून कॅम्पात जायला सुरुवात केली असती. हेमाताईंचं तसं नव्हतं. डावीकडचा पाचवा बाक त्यांचा. लग्नानंतर चौतीस वर्षं त्या आणि आमोद तिथे बसले. आमोद मधल्या वाटेच्या बाजूला, त्या भिंतीकडे. आमोद जाऊन तीन वर्षं झाली. घरातली खुर्ची, पलंग, कपाट सगळीकडे त्याचं नसणं जाणवे, पण त्या बाकावर बसलं की तासभर आपण एकट्या आहोत हे त्यांना नीटसं आठवत नसे. एवढा एक तास त्यांना हवा होता. त्यासाठी त्या कोणाच्याही पाया पडल्या असत्या. फक्त खोटी सही करायची त्यांची तयारी नव्हती.

पहिल्या रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी त्यांची होती. वाचन संपलं आणि लगेच मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, सुरू झाला. ‘मी विश्वास धरतो’ म्हणताना सगळे उठून वेदीकडे तोंड करतात, म्हणून हेमाताई वाचनाच्या मेजापाशीच थांबल्या. समोर सगळी मंडळी. वर्गात उभं राहिल्याची जुनी सवय, तोंडानं शब्द चालू असतानाच त्यांनी डोकी मोजली. पाळकसाहेब सोडून आणि स्वतःला धरून एकोणतीस.

एक कमी.

मंडळीची अधिकृत गणती दाराशी उभे राहून संतोष उजगरे करत. वय चौऱ्याहत्तर, कारखान्यातून निवृत्त, अठरा वर्षं हेच काम, सगळ्यांचे उजगरेकाका. मतांगीकाराच्या वेळी सगळ्यांची तोंडं एका दिशेला असतात, कोणी हलत नाही, म्हणून मोजणी तेव्हाच आणि पाठीमागूनच करायची, अशी इथली रीत. मग कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे आकडा लिहून ते पान पाळकसाहेबांना द्यायचं आणि त्यांनी तो उपासनेच्या वहीत उतरवायचा.

त्या दिवशीच्या पानावर लिहिलं होतं, तीस.

२

‘‘काका, तीस कसे?’’ चहाच्या वेळी हेमाताईंनी विचारलं.

‘‘मोजले तसे.’’

‘‘मी समोरून मोजले. एकोणतीस होते.’’

‘‘मग तुम्ही समोरून मोजले,’’ उजगरेकाका म्हणाले आणि बिस्किटाच्या ताटलीकडे वळले.

पाळकसाहेब अभिनव साळवे वयानं तरुण, स्वभावानं सालस. त्यांना या वादात पडायचं नव्हतं. ‘‘मॅडम, तीस आहेत तर आनंद माना ना.’’

‘‘आनंद मानायला हरकत नाही. सही माझी लागते.’’

‘‘तुम्ही स्वतःला धरलं होतं?’’

‘‘मी छत्तीस वर्षं गणित शिकवलंय, पाळकसाहेब.’’

‘‘तसं नाही, आपलं विचारलं.’’

हेमाताईंच्या मनात संशय पक्का झाला. उजगरेकाका माणूस देवभोळा, चर्चवर जीव टाकणारा; एक डोकं फुगवून छप्पर वाचत असेल तर त्यांना ते पाप वाटणार नाही. वर आव असा की जणू काही घडलंच नाही. त्यांना काकांचा रागही आला आणि थोडी मायाही वाटली. पण कचेरीचं माणूस तिसऱ्या रविवारी येऊन मोजणार होतं, आणि तेव्हा एकोणतीस निघाले असते तर आधीचे दोन्ही आकडे खोटे ठरले असते. मग कुलूप तर लागलंच असतं, वर मंडळीचं नाव खराब.

काका किती वर्षं असं फुगवत आलेत, हे बघायचं त्यांनी ठरवलं. निमित्त हाताशी होतंच. चर्चच्या दोनशेव्या वर्षासाठी इतिहासाची पुस्तिका काढायची होती आणि ते कामही कमिटीनं, कोणी तयार नसल्यामुळे, त्यांच्याच गळ्यात घातलं होतं.

३

मंगळवारी दुपारी त्या व्हेस्ट्रीत जुन्या वह्या काढून बसल्या. व्हेस्ट्री म्हणजे वेदीच्या बाजूची खोली. पाळकाचे झगे, प्याले आणि वह्यांचं लोखंडी कपाट एवढंच तिथे. मधलं दार उघडं ठेवलं की सगळे बाक दिसत. पत्रा तापून मधूनच कडकन वाजे. गाडी गेली की खिडक्या थरथरत आणि मग बराच वेळ शांत.

हे चर्च दोनदा उभं राहिलंय, हे हेमाताईंना ऐकून माहीत होतं. आता ते कागदावर दिसायला लागलं. पहिली इमारत १८२९ची, माती आणि गवताची. दार पूर्वेला ठेवलं होतं, कारण शिपायांच्या बराकी त्या अंगाला; साहजिकच वेदी पश्चिमेला गेली. तीस-बत्तीस वर्षांनी भिंती खचल्या. मग नवीन पाद्री आला, त्याला वेदी पूर्वेलाच हवी होती, कारण नियम तसा. त्यानं १८६१मध्ये जुन्याच जोत्यावर, जुन्याच फरशीवर दगडी चर्च उभं केलं आणि आतलं सगळं उलटं फिरवलं. दार होतं तिथे वेदी आली, वेदी होती तिथे दार. पुढे १९०७मध्ये तडे गेलेली कमान पाडून मनोरा बांधला, १९५८मध्ये कौलं काढून पत्रा घातला. पण फरशी तीच राहिली.

हेमाताईंनी हे सगळं टिपून घेतलं आणि गणतीकडे वळल्या.

उजगरेकाकांच्या अठरा वर्षांत फुगवाफुगवी शोधायला त्या बसल्या होत्या. सापडलं ते भलतंच. दगडी चर्च उघडलं त्या पहिल्याच रविवारी पाद्र्यानं इंग्रजीत लिहून ठेवलं होतं: मोजणाऱ्याच्या मते एकशे तेरा, वेदीवरून मी मोजले ते एकशे बारा. पुढच्या रविवारी अठ्ठ्याण्णव आणि सत्त्याण्णव. त्याच्या पुढच्या रविवारी परत एकचाच फरक. असे सात रविवार. आठव्या रविवारी लिहिलं होतं की मोजणाऱ्यानं या कामातून मोकळं करण्याची विनंती केली आहे. त्यानंतर वहीत एकच आकडा, मागून मोजलेला.

हेमाताई हसल्या. इंग्रज असो नाहीतर आपला, आकडा फुगवायला कोणाला नको असतं? मोजणारा थापाड्या होता, पाद्र्यानं पकडलं, मग त्यालाही तो मोठा आकडा बरा वाटायला लागला. सरळ गोष्ट होती.

मग १९५८ची वही. पहिले मराठी पाळक, अक्षर मोत्यासारखं. पत्र्याचं काम पूर्ण झाल्याची नोंद आणि तिच्याशेजारी समासात एक ओळ: गणती नेहमी मागूनच करावी, व मोजणाऱ्यास प्रश्न विचारू नयेत.

आता असं कोण लिहून ठेवतं? ज्याला काही लपवायचंय तोच, असं हेमाताईंना वाटलं. पण शंभर वर्षं, इतकी वेगवेगळी माणसं, निरनिराळ्या भाषा, आणि सगळ्यांनी मिळून लपवायचं ते एकच डोकं? थाप मारायची तर माणूस एवढी काटकसर कशाला करेल?

बाहेर बाकांकडे लाकूड करकरलं. बसलेल्या माणसानं अंगाचा भार या बाजूवरून त्या बाजूवर घ्यावा, तसा आवाज. हेमाताईंनी मान वळवून पाहिलं. सगळे बाक रिकामे. ऊन कलतं तसं लाकूड आकसतं, त्यांनी स्वतःला समजावलं, आणि वह्या काढल्या होत्या त्याच्या दुप्पट घाईनं कपाटात ठेवल्या.

४

दुसऱ्या रविवारी त्या तयारीनिशी आल्या. बाकांचा नकाशा कागदावर काढून आणला होता, डावे आठ, उजवे आठ. उपासना सुरू व्हायच्या आधीच पुढे उभं राहून त्यांनी प्रत्येक बाकावर कोण बसलंय ते नावानिशी लिहिलं. स्वतःचं आणि दाराशी उभ्या काकांचं धरून एकोणतीस नावं. मग उजगरेकाकांना गाठलं.

‘‘काका, आज नुसता आकडा नको. कुठल्या बाकावर किती, तेही लिहून द्या.’’

‘‘कशाला या भानगडीत पडता, मॅडम? छप्पर होऊ द्या की.’’

‘‘मला लिहून द्या.’’

उपासना संपल्यावर काकांनी पान दिलं. हेमाताईंनी ते आपल्या नकाशाशेजारी धरलं. पंधरा बाक तंतोतंत जुळले. डावीकडच्या चौथ्या बाकावर हेमाताईंच्या नकाशात कोणी नव्हतं. काकांच्या पानावर तिथे एक होता.

डावीकडचा चौथा, म्हणजे हेमाताईंच्या बरोबर समोरचा बाक.

आता मात्र त्यांचा पारा चढला. ‘‘अहो, माझ्या नाकासमोरचा बाक आहे तो! तिथे कुणी बसत नाही. निदान दुसरीकडचा बाक तरी निवडायचा. कोण बसलं होतं तिथे? नाव सांगा.’’

चहा पिणारे लोक वळून बघायला लागले.

‘‘नाव मला काय माहीत,’’ उजगरेकाका हळू आवाजात म्हणाले. ‘‘मी खांदे मोजतो. मान वर करत नाही. मला ज्यांनी हे काम दिलं त्यांनी तसंच शिकवलंय.’’

‘‘आणि अठरा वर्षांत एकदाही मान वर करून पाहिलं नाहीत?’’

‘‘एकदा पाहिलं. सुरुवातीला.’’

‘‘मग?’’

काकांनी खिशातली पेन्सिल काढली आणि हेमाताईंच्या हातात ठेवली. ‘‘पुढच्या रविवारी तुम्ही मोजा. मला खोटारडा म्हणालात, ठीक आहे. पण एक ऐका. खांद्यांवरून मोजा आणि खाली बघून आकडा लिहा. बाकी काही करू नका.’’

ते निघून गेले. सगळ्यांसमोर म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला, याचं हेमाताईंना वाईट वाटलं. पण मागे हटायची सवय नव्हती. सगळे पांगल्यावर त्या आत गेल्या आणि चौथा बाक तपासायला लागल्या.

सागाचा जुना बाक. बसायच्या फळीवर धूळ. गीतांचं पुस्तक जागच्या जागी. वेडंवाकडं काही नाही. मग त्यांची नजर पाठीच्या वरच्या कडेवर गेली. तिथलं पॉलिश दोन ठिकाणी उडालं होतं. गुडघे टेकताना मागच्या बाकावरचा माणूस पुढच्या बाकाची कड धरतो, हे खरं. त्याही धरत, इतकी वर्षं. त्यांनी स्वतःचे हात तिथे ठेवून बघितले. बोटं पलीकडे गेली, अंगठे अलीकडे राहिले. सगळे असंच धरतात.

पण झिजलेल्या खुणा उलट्या होत्या. हेमाताईंच्या बाजूला चार आणि चार लहान खळगे, पलीकडच्या बाजूला एकेक.

त्यांनी इतर बाक पाहिले. सगळीकडे नीट, चार पलीकडे आणि एक अलीकडे. हा एकच बाक तसा होता. कुठल्याशा डागडुजीत सुतारानं फळी उलटी बसवली असेल. तसंच असणार. फळी खरंच उलटी आहे का, हे वाकून बघणं सोपं होतं. हेमाताईंनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या.

५

आठवडाभर त्यांनी एकच काम केलं, फोन. यादीवर एक्केचाळीस सभासद होते आणि त्यातले बारा येत नसत. एक खरंखुरं माणूस वाढलं असतं तरी प्रश्नच मिटला असता; मग चौथ्या बाकावर कोणी असो नसो, त्यांना काय करायचं होतं? वाघोलीच्या कुटुंबानं पाहुणे येणार असल्याचं सांगितलं. दोघं परदेशी होते. हिंजवडीला राहणारी वल्लरी साळवी, लहानपणी हेमाताईंच्या वर्गात असलेली, मात्र म्हणाली, ‘‘मॅडम, शंभर टक्के येते. संडेला ट्रॅफिक नसतं.’’

कोणी शंभर टक्के म्हटलं की हेमाताई पन्नास धरत. इथे त्यांनी शंभर धरले. गरज माणसाला भोळं करते.

तिसऱ्या रविवारी कचेरीतून निकिता उमाप आल्या. तिशीच्या, चटपटीत, हातात फाइल. ‘‘मी मागे उभी राहते, कोणाला डिस्टर्ब नको. तुम्हीच मोजता ना? मग माझ्याबरोबर थांबा.’’

साडेआठची घंटा झाली. हेमाताईंनी दारात उभं राहून वाट पाहिली. पावणेनऊला फोन वाजला. ‘‘मॅडम सॉरी, वाकडला अडकलेय, काहीतरी ॲक्सिडेंट झालाय, पोचेन असं वाटत नाही.’’ हेमाताईंनी फोन बंद केला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. संपलं. पुढच्या महिन्यात या दाराला कुलूप, आणि त्यांचे रविवारही इतर वारांसारखे होणार.

आत शास्त्रपाठ झाला. मंडळी उठली. ‘‘मी विश्वास धरतो...’’

समोर सगळ्यांच्या पाठी. हेमाताईंनी काकांची पेन्सिल घट्ट धरली आणि सांगितल्याप्रमाणे खांद्यांवरून मोजायला सुरुवात केली. उजवी बाजू चौदा. डावीकडे मागून. सहाव्या बाकावर एकटे उजगरेकाका, आज पहिल्यांदाच बसणाऱ्यांत. पाचवा त्यांचा स्वतःचा, रिकामा. मग पुढे. खांदे मोजत मोजत त्या पहिल्या बाकापर्यंत पोचल्या तेव्हा समोरची माणसं एकोणतीस झाली होती. त्या स्वतः तिसाव्या.

अठ्ठावीस असायला हवी होती. कुठेतरी आपणच चुकलो, असं त्यांनी ठरवलं. आणि चूक शोधायची तर मान वर करावीच लागते.

सगळे उभे होते. डावीकडच्या चौथ्या बाकावर कोणीतरी बसलेलं होतं. बाकाच्या कडेवर दोन हात होते आणि त्यांच्या वर, इतर सगळ्यांचे केस आणि मानेची मागची बाजू दिसत होती तिथे, कपाळ होतं. कपाळ, आणि त्याखाली डोळ्यांची जागा. पहिल्या चर्चची वेदी होती त्या दाराच्या अंगाला तोंड वळलेलं. पण ते दाराकडे पाहत नव्हतं, हेमाताईंकडेही नाही. ते पाचव्या बाकाकडे पाहत होतं, रिकाम्या जागेकडे, भिंतीच्या बाजूला. जिथे हेमाताई बसत.

त्यांनी मान खाली घातली. कागदावर पेन्सिलीचं टोक मोडलं.

‘‘तीस,’’ शेजारी निकिता म्हणाल्या. ‘‘बरोबर?’’

६

प्रवचन सुरू झालं. दाराजवळच्या छोट्या टेबलाशी दोघी बसल्या. निकितांनी फाइल उघडली, आवाज खाली ठेवून बोलत होत्या.

‘‘आधीचे दोन रविवार तीस, आजही तीस. छान. आता फक्त यादीवर आज हजर असलेल्यांच्या नावापुढे खुणा करा आणि खाली सही.’’

‘‘तुम्ही... सगळे नीट दिसले तुम्हाला?’’

‘‘हो. ते एकजण उलटे बसलेत ना, ते पण धरलेत. ऐकू कमी येतं का त्यांना? माझे आजोबाही असेच, कुठेही तोंड करून बसायचे.’’

हेमाताईंनी यादी पुढे ओढली. त्यांनी पेन घेतलं आणि खुणा करायला सुरुवात केली. आपण काय पाहिलं याचा विचार करायचा नाही. एकेक नाव, एकेक खूण. एकोणतीस झाल्या आणि पेन थांबलं.

निकितांनी मोजल्या. ‘‘एक राहिलं. ते उलटे बसलेले कोण?’’

‘‘ते सभासद नसतील तर?’’

‘‘मग पाहुणे. पाहुणे धरता येत नाहीत.’’ निकितांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. ‘‘मग मला एकोणतीस लिहावं लागेल, मॅडम. आणि एकोणतीस म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे.’’

यादीवर बारा नावं बिनखुणेची होती. वाघोली, हिंजवडी, परदेश. ‘‘उद्या मी दोघा-चौघांना फोन करून खात्री करते,’’ निकिता म्हणाल्या, ‘‘म्हणून जरा बघून खूण करा.’’

म्हणजे जो फोन उचलून ‘मी तर नव्हतो’ म्हणेल, त्याचं नाव चालणार नव्हतं. हेमाताईंचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि एका नावाशी थांबलं. आमोद दिनकर चक्रनारायण. पुढे नंबर त्यांच्या घरचाच. माणूस गेला की नाव कमी करायचं, हे काम सेक्रेटरीचं. तीन वर्षं ते करायचं राहून गेलं होतं. राहून कसलं, त्यांनी ते केलं नव्हतं. लाल रेघ ओढायला हात धजावला नव्हता.

त्यांनी वर पाहिलं. मंडळी खाली बसली होती. पाठीच पाठी, पुढे पाळकसाहेब, जाळीवर भुसा पडतोय. मधे चौथ्या बाकाकडे त्यांनी नजर जाऊ दिली नाही. पाचव्या बाकाकडे मात्र पाहिलं. इथे परत कधी बसायला मिळणार नाही, हा विचार त्यांना सहन झाला नाही. छत्तीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणाऱ्या बाईनं नवऱ्याच्या नावापुढे खूण केली आणि खाली सही ठोकली.

‘‘आमोद,’’ निकितांनी वाचलं. ‘‘हे तेच का, उलटे बसलेले?’’

‘‘हो,’’ हेमाताई म्हणाल्या. ‘‘तेच.’’

आत कुठेतरी लाकूड करकरलं. सहाव्या बाकावर उजगरेकाकांनी अठरा वर्षांत दुसऱ्यांदा मान वर केली आणि लगेच डोळे मिटून घेतले.

‘‘झालं मग.’’ निकितांनी फाइल मिटली आणि हसून हात पुढे केला. ‘‘अभिनंदन. काम टप्प्याटप्प्यानं होईल, उपासना एकही रविवार बंद पडणार नाही. जा, बसा तुम्ही आता.’’

हेमाताईंना मागे शेवटच्या बाकावर बसता आलं असतं. पण निकिता बघत होत्या, मंडळी प्रार्थनेला गुडघे टेकत होती, आणि इतकं करून मिळवलेल्या जागेवर बसायचं नाही तर मिळवली कशाला? त्या मधल्या वाटेनं चालत गेल्या. एक एक बाक मागे पडत होता. पाचव्यापाशी पोचल्यावर त्यांनी धीर करून समोर पाहिलं.

चौथा बाक रिकामा होता. हात नाहीत, कपाळ नाही. फळीवर धूळ आणि गीतांचं पुस्तक. हेमाताईंच्या तोंडून सुटकेचा उसासाच निघाला. ऊन, डोळ्यांवरचा चष्मा, आठवडाभराचं जागरण. निकितांनी भलत्याच कोणाला पाहिलं असेल. त्या आत सरकून भिंतीकडे आपल्या जागी गेल्या, गुडघे टेकले, डोळे मिटले. पाळकसाहेब प्रभुभोजनाची प्रार्थना म्हणत होते आणि सगळी मंडळी एका सुरात उत्तर देत होती.

तेव्हा त्यांच्या बाकाची वाटेकडची बाजू, आमोदची, दबली.

हळूच, बसताना आवाज होऊ नये अशा बेतानं. आमोद जाडा माणूस होता. तो बसला की फळी धाडकन खाली जाई आणि हेमाताई त्याला कोपर मारत. हे वजन तसं नव्हतं. हे फारच हलकं होतं, आणि ते बसल्यावरही दबत गेलं, थोडं थोडं, त्यांच्या बाजूला. शेजारून कोणीतरी मंडळीबरोबर शब्द म्हणायला लागलं. पुढे, वेदीकडे तोंड करून, सगळ्यांसारखं. आवाज आमोदचा नव्हता. कुठल्याच माणसाचा असा आवाज त्यांनी याआधी ऐकला नव्हता.

हेमाताईंनी डोळे उघडले नाहीत. चौतीस वर्षांची सवय. त्यांनी गुडघे किंचित भिंतीकडे घेतले आणि जागा करून दिली.